बातमी कोणाची, क्रियापद कोणाचे

वृत्तपत्रांतल्या चुकांचा विषय निघाला की बोलणे हमखास ऱ्हस्व-दीर्घावर जाते. 'आशीर्वाद'मधला रफार भलत्याच अक्षरावर चढतो, 'महत्त्व'मधला एक त गळतो, 'पुनर्वसन'चे 'पुर्नवसन' होते आणि नागरिकांना सहकार्याचे आवाहन करायचे सोडून 'आव्हान' दिले जाते. या चुका चुकाच आहेत. या पुस्तकात त्यांना एक प्रकरण दिले आहे आणि नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी परिशिष्टात जोडली आहे. पण हे पुस्तक लिहायला बसलो ते त्यांच्यासाठी नाही. 'पुर्नवसन' वाचणाऱ्यालाही पुनर्वसन कळतेच. याउलट 'नुकसानग्रस्तांना लवकरात लवकर मदत देण्यात येईल, असे आश्वासन देण्यात आले' हे वाक्य शुद्धलेखनाच्या कोणत्याही कसोटीला उतरते आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मदत कोण देणार? आश्वासन कोणी दिले? उद्या ते पाळले नाही तर जाब कोणाला विचारायचा? वाक्यात कर्ताच नाही. वृत्तपत्रीय मराठीची खरी पडझड मला इथे दिसते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

मी राहतो ते नागापूर नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मनमाड रस्त्यालगत, सीना नदीच्या काठी, एमआयडीसीला लागून आहे. जुने गाव, त्याला चिकटून वाढलेल्या वसाहती, भाड्याच्या खोल्या, आणि पाळी सुटली की रस्त्यावर येणारा कामगारवर्ग. यात नगर तालुक्यातले आहेत, पाथर्डी-शेवगावचे आहेत, बीड जिल्ह्यातून आलेले आहेत, आणि इथेच मराठी शिकलेले उत्तर भारतातलेही आहेत. इथला माणूस पेपर हातात घेतो तो राज्यकारभाराचे विश्लेषण वाचायला नव्हे. पाणी कधी येणार, कोणत्या कारखान्यात काय घडले, अपघात कुठे झाला, कोणाला पकडले, कोणती भरती निघाली, हे त्याला हवे असते. जिल्हा पान हेच त्याचे पहिले पान. आणि नेमक्या त्याच पानावरची भाषा सगळ्यांत कमी तपासलेली असते. अग्रलेखावरून दोनदा नजर फिरते, पुरवणीतला लेख लेखक स्वतः तपासून देतो. एका स्तंभाची, आठ ओळींची अपघाताची बातमी मात्र जशी आली तशी पानात जाते. हे पुस्तक त्या आठ ओळींबद्दल आहे.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ पाहिला तर ही अवस्था अधिकच खुपते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारशेजारच्या स्तंभांत. त्याच बाळशास्त्रींनी मुलांसाठी 'बालव्याकरण' लिहिले. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. त्यांनी १८८८ मध्ये 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक प्रसिद्ध केले. समाजसुधारणेसाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याला मराठी वाक्य कसे उभे राहते याचा विचार करायला वेळ होता! टिळकांनी १९०४ मध्ये 'केसरी'त लेखनपद्धतीवर लेख लिहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली तीच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवरच्या निबंधाने. या माणसांना व्याकरण हा शाळामास्तरांचा प्रांत वाटला नाही. वृत्तपत्र चालवायचे तर वाक्य कसे चालते हे कळले पाहिजे, अशी त्यांची सरळ समजूत होती.

मेजर थॉमस कँडीने मराठीत विरामचिन्हांची घडी बसवली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. म्हणजे आपल्या छापील गद्याची शिस्त आणि आपली वृत्तपत्रे एकाच काळात, पुष्कळदा एकाच टेबलावर आणि इंग्रजीच्या सावलीत घडली. हे दादोबा पुढे आमच्या नगरला डेप्युटी कलेक्टर होते, हे इथल्याही फार लोकांना ठाऊक नसते.

नगर जिल्ह्याचा या कथेतला वाटा मोठा आहे आणि तो मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण पुस्तकातला विचार त्यातूनच आला आहे. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. पुढे त्यात इंग्रजी मजकूरही येऊ लागला आणि पत्र मुंबईला गेले. मिशनऱ्यांचे मराठी आज वाचताना जागोजागी अडते. वाक्याचा सांगाडा इंग्रजी, त्यावर मराठी शब्द, असे ते बरेचदा आहे. पण त्याच 'ज्ञानोदया'ने १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते, आणि कोणी छळले, कोणाच्या राज्यात छळले, हे नाव घेऊन सांगते. तिच्या लेखनात कर्ता कुठे लपलेला नाही. विद्वान माणसांनी चालवलेल्या पत्रात सर्वांत धडधडीत मराठी त्या मुलीचे होते, असे माझे मत आहे. पुढे १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे आले. आपली भाषा कोणत्या मातीतली आहे हे जाणणारा कवी तिथे आला. याच पत्राच्या इतिहासात इंग्रजी वळणाचे मराठी आणि अस्सल मराठी अशी दोन्ही टोके सापडतात.

दुसरे पत्र 'दीनमित्र'. कृष्णराव भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी ते १९१० मध्ये सोमठाण्याहून सुरू केले आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून चालवले. शहरात नव्हे, खेड्यात. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचक खेड्यात. मुकुंदराव १९६७ मध्ये वारले, तोवर म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्यांनी हे काम केले. सत्यशोधकी विचारांचे हे साप्ताहिक ज्यांच्यासाठी होते त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हते. एकाने मोठ्याने वाचायचे आणि चार जणांनी ऐकायचे, हा त्या काळी गावोगावचा रिवाज होता. कानाने वाचला जाणारा मजकूर लिहिणाऱ्याला वाक्य लांबवता येत नाही, कर्ता गाळता येत नाही, आणि जो शब्द ऐकणाऱ्याच्या तोंडी नाही तो उगाच वापरता येत नाही. जाता जाता या नावाविषयी : 'दीनमित्र' लिहिताना 'दी' दीर्घच हवा. तो ऱ्हस्व केला की दीनांचा मित्र जाऊन दिवसाचा मित्र उरतो. दीर्घाचे मोल कुठे असते आणि कुठे नसते, हे समजावायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता चुकांकडे येतो. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली; राज्य शासनाने ते स्वीकारले आणि शाळेतून, सरकारी कामातून तेच चालतात. या अठरा नियमांनी जुने न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. पण एक अनुस्वार मुद्दाम ठेवला. नामाच्या किंवा सर्वनामाच्या अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय लावताना, आणि आदरार्थी बहुवचनातही, तो दिलाच पाहिजे. 'कामगाराचा' म्हणजे एकाचा, 'कामगारांचा' म्हणजे अनेकांचा. 'आरोपीला अटक' आणि 'आरोपींना अटक' यांत फरक आहे, तसाच 'त्याने' आणि 'त्यांनी' यांतही आहे.

हे टिंब जिल्हा पानावर रोज पडते किंवा रोज जास्तीचे लागते. एमआयडीसीत स्फोट झाला असे समजा, आणि मथळा आला 'स्फोटात कामगारांचा मृत्यू'. एकच कामगार दगावला असेल तर त्या टिंबाने इतर किती घरांत धडकी भरवली, याचा हिशेब पान लावणाऱ्याने करायला हवा. रात्रपाळीला गेलेल्या माणसाचा फोन लागत नसतो आणि सकाळी दारात पेपर पडतो. खाली बातमीत 'एका कामगाराचा' असे बरोबर छापलेलेही असेल, पण घाबरलेला माणूस मथळ्यापाशीच थांबतो. उलट बाजूने, 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' असे छापले आणि पकडलेले तिघे असतील, तर कोणी कबुली दिली आणि कोणी दिली नाही हे वाचकाला कळत नाही, आणि तिघांच्याही गावात एकच समज पसरतो. इतका भार एका टिंबावर असतो. म्हणून माझ्या लेखी 'महत्त्व'मधल्या गळालेल्या 'त'पेक्षा 'कामगारांचा'मधले जास्तीचे टिंब कितीतरी मोठी चूक आहे.

त्याच टिंबात आदरही राहतो, आणि इथे मामला व्याकरणाच्या पलीकडे जातो. मराठीत माणसाबद्दल बोलताना 'तो' म्हणायचे की 'ते', 'ती' की 'त्या', हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरेच होत नाही. इंग्रजी बातमीदाराला हा निर्णय घ्यावा लागत नाही, आपल्याला घ्यावा लागतो, आणि आपण तो न बोलता, सवयीने घेतो. जिल्हा पानावरचे कोणतेही आठवडाभराचे अंक काढून पाहा. 'कंत्राटदारांनी सांगितले', 'सरपंचांनी भेट दिली', 'साहेब घटनास्थळी दाखल झाले'. आणि त्याच बातमीत 'मजूर खाली पडला', 'तो जागीच ठार झाला', 'त्याच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे'. मचाणावरून पडून मेलेला माणूस पन्नाशीचा असेल आणि कंत्राटदार तिशीचा असेल, तरी 'तो' मजूर आणि 'ते' कंत्राटदार. निधन वार्तेच्या चौकटीत मात्र, पैसे भरून छापलेली असेल तर, तोच मजूर 'त्यांचे' होतो.

हे कोणी दुष्टपणे करत नाही. पोलीस ठाण्यातून आलेल्या कागदात 'मयत इसम' असते, ते जसेच्या तसे उतरते. फिर्याद, सदर इसम, मयत, विवाहिता, अज्ञात वाहन, ही पोलिसांच्या कामाची भाषा आहे. त्यांच्या कागदात ती बरोबरच आहे. पण बातमी म्हणजे फिर्याद नव्हे. 'विवाहितेची आत्महत्या' या मथळ्यात बाईची ओळख तिच्या लग्नाने होते. ती शिक्षिका असेल, कंपनीत मशीन चालवत असेल, शेती पाहत असेल, तरी मथळ्यात ती फक्त विवाहिता. पुरुषाच्या आत्महत्येचा मथळा 'विवाहिताची आत्महत्या' असा कधी वाचला आहे का? सज्ञान मृत व्यक्तीला, मग तिचे काम कोणतेही असो, आदरार्थीच लिहावे, अशी शिफारस मी या पुस्तकात केली आहे. तिच्यावर वाद होऊ शकतो. गुन्ह्यातल्या संशयितालाही तोच न्याय लावायचा का, असे मला उपसंपादक मित्रांनी विचारले. माझे उत्तर होकारार्थी आहे. न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही तोवर त्याला 'चोरटा' म्हणण्याचा अधिकार जसा आपल्याला नाही, तसा 'तो' म्हणण्याचाही नाही.

'करण्यात आले' या रचनेवर पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण आहे. ही रचना मुळातच वाईट आहे असे मी म्हणत नाही. कर्ता खरोखरच माहीत नसेल किंवा त्याला महत्त्व नसेल, तर ती योग्यच असते. 'मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवण्यात आला' यात कोणत्या शिपायाने नेला हे कोणाला जाणून घ्यायचे नसते. पण इंग्रजी कारभाराच्या कागदांमुळे ती आपल्याकडे फार बळावली असे मला वाटते, आणि आज ती जिथे नको तिथेच जास्त आढळते. अतिक्रमणे हटवण्यात आली. निधी मंजूर करण्यात आला. काम बंद करण्यात आले. गुन्हा दाखल करून घेण्यात आला नाही. यातल्या प्रत्येक ठिकाणी कर्ता माहीत असतो, पदासकट माहीत असतो, आणि त्याचेच नाव वाचकाला हवे असते. त्याच्या शेजारी हल्ली 'द्वारे' येऊन बसले आहे. 'पोलिसांद्वारे कारवाई करण्यात आली', 'महापालिकेद्वारे सांगण्यात आले'. पोलिसांनी कारवाई केली, महापालिकेने सांगितले, असे म्हणायला मराठीला काही अडचण नाही. 'ने' आणि 'नी' हे प्रत्यय त्यासाठीच आहेत.

गावचा बातमीदार आणि शहरातला डेस्क यांच्यामध्ये काय होते, ते एका नमुन्यावरून दाखवतो. नगर शहराला पाणी मुळा धरणातून, विळदच्या उपशावरून येते, आणि पाण्याच्या बातम्या इथे बारा महिने असतात. बातमीदार फोनवरून लिहून पाठवतो : 'रस्त्याच्या कामात जेसीबीने पाइपलाइन फोडली. तीन दिवस नागापुरात पाणी नाही. लोक टँकर विकत घेतात. महापालिकेचा माणूस अजून आलेला नाही.' चार वाक्ये, चार क्रियापदे, प्रत्येकाला कर्ता. दुसऱ्या दिवशी छापून येते : 'जलवाहिनी फुटल्याने पाणीपुरवठा विस्कळीत झाल्याने नागरिकांचे हाल होत असल्याने तीव्र संताप व्यक्त करण्यात येत असून तातडीने उपाययोजना करण्याची मागणी जोर धरू लागली आहे.' जेसीबी गेला, रस्त्याचे काम गेले, तीन दिवस गेले, टँकर गेला, न आलेला माणूसही गेला. राहिला तो संताप, आणि तोसुद्धा कोणाचा ते सांगता येत नाही. बातमी सुधारण्याच्या नावाखाली डेस्कने तिच्यातली माहिती काढून टाकली. बातमीदाराच्या मजकुरात कदाचित 'पाइपलाईन' असा दीर्घ ई असेल; तो डेस्कने दुरुस्त केला असता आणि बाकीचे तसेच ठेवले असते तर काय बिघडले असते?

म्हणूनच प्रमाणभाषेविषयी माझी भूमिका इथे स्पष्ट करून ठेवतो. नगरी बोली ही चूक नाही. कोणाचे म्हणणे अवतरणात द्यायचे असेल तर ते त्याच्याच बोलीत द्यावे, पुणेरी करून देऊ नये. अवतरणचिन्हांमध्ये दुसऱ्याचे वाक्य घालणे हे खोटे आहे. बातमीचा आपला मजकूर प्रमाण मराठीत असावा, कारण तो पाथर्डीतही वाचला जातो आणि सावंतवाडीतही. पण प्रमाण म्हणजे जड नव्हे. जेसीबी, टँकर, पाइपलाइन, शिफ्ट हे शब्द आता मराठीच आहेत. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले 'दिनांक' आणि 'महापौर' आपण आज सहज वापरतो, ती कमाई मोठी आहे. तरी 'जलवाहिनी' लिहिल्याने बातमी शुद्ध होत नाही.

इंग्रजी शब्दांपेक्षा मला चिंता वाटते ती इंग्रजी वाक्यरचनेची. शब्द पाहुणा म्हणून आला तर मराठी त्याला आपल्या घरचे नियम लावते : फायली, कंपन्या, बसगाड्या. 'फाईल्स', 'कंपनीज', 'बसेस' लिहिले की नियमच त्याच्याबरोबर पाहुणे येतात. 'हा पूल, जो गेल्या वर्षी बांधला गेला होता, तो खचला' असे नगर जिल्ह्यात कोणीही बोलत नाही. गेल्या वर्षी बांधलेला पूल खचला, असे म्हणतात. 'जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या गावांपैकी एक असलेल्या' ही लांबण इंग्रजीतून आली आहे; मराठी माणूस 'जिल्ह्यातल्या मोठ्या गावांत याची गणना होते' असे म्हणेल. अपघाताच्या बातमीत तर एक रचना ठरलेलीच आहे : 'दुचाकीवरून घरी जात असताना भरधाव ट्रकने धडक दिली.' व्याकरणाप्रमाणे दुचाकीवरून घरी ट्रक जात होता. ज्याचा जीव गेला त्याला वाक्यात जागाच मिळाली नाही.

हिंदी वाहिन्यांमुळे आणखी एक थर चढला आहे. 'माझी मदत करा' हे त्यातले निरुपद्रवी म्हणता येईल. पण 'खुलासा' या शब्दाने खरा घोटाळा होतो. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. अधिकाऱ्याकडून खुलासा मागवला जातो. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. 'तहसीलदारांचा खुलासा' या मथळ्याखाली तहसीलदारांनी स्वतःवरच्या आरोपाला उत्तर दिले असेल की दुसऱ्या कोणावर आरोप केला असेल, हे आता बातमी वाचल्याशिवाय कळत नाही. आणि 'पुण्यतिथी उत्साहात साजरी' याबद्दल तर मी जितके लिहावे तितके थोडेच आहे. पुण्यतिथीला अभिवादन करतात. ती साजरी होत नाही.

याचा दोष एका बातमीदारावर किंवा उपसंपादकावर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. तालुक्याचा बातमीदार पुष्कळदा जाहिराती मिळवतो, अंकाची वसुली करतो आणि उरलेल्या वेळात बातम्या देतो. त्याच्या फोनवर पुढाऱ्याच्या कार्यालयाचे तयार पत्रक येते, पोलिसांची टिपणी येते, सरकारी कार्यालयाची बातमी येते. तिन्हींची मराठी वेगळी आणि तिन्ही संध्याकाळी. डेस्कवर पान सोडायची वेळ ठरलेली असते. वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर यंत्राकडून मराठीत करून घेण्याची सोय आता हाताशी आहे, आणि ते यंत्र 'द्वारे' भरभरून देते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये उतरवताना रफार आणि जोडाक्षरे जागा सोडतात, ती पुन्हा पाहायला माणूस नसतो.

तो माणूस पूर्वी होता. त्याला मुद्रितशोधक म्हणत. खिळे जुळवण्याच्या काळात गॅली प्रूफ त्याच्याकडून गेल्याशिवाय पान बांधले जात नसे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकाराची व्याख्या करताना संपादक, बातमीदार, उपसंपादक यांच्याबरोबर मुद्रितशोधकाचेही नाव घेतले होते. म्हणजे कायद्याच्या लेखी तो कारकून नव्हता, पत्रकार होता. संगणकावर जुळणी सुरू झाली आणि जो टंकतो तोच तपासेल असे मालकांनी ठरवले. आपणच लिहिलेले आपल्याला चुकलेले दिसत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरीही ते पद गेले. ते परत आणावे, निदान जिल्हा आवृत्तीला एक तरी असा माणूस असावा, ही मागणी मी या पुस्तकातून उघडपणे करतो आहे.

जगात इतरत्र काय चालते तेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या 'गार्डियन'ची मुद्रणदोषांबद्दल इतकी ख्याती होती की 'प्रायव्हेट आय' या नियतकालिकाने त्याचे नावच अक्षरे उलटसुलट करून छापायला सुरुवात केली. त्याच 'गार्डियन'ने १९९७ मध्ये वाचकांच्या तक्रारी ऐकून रोज दुरुस्त्या छापणारा स्वतंत्र संपादक नेमला. आपल्या देशात 'द हिंदू'ने २००६ मध्ये असे पद निर्माण केले. मराठीत दुरुस्ती छापली जाते ती बहुधा वकिलाची नोटीस आल्यावर, आणि तीही आतल्या पानावर. इंग्रजीत फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' लिहिले तेव्हा चुकांचे नमुने त्यांनी थेट वृत्तपत्रांतून, अगदी 'टाइम्स'मधूनही उचलले. प्रतिष्ठित पत्रांची वाक्ये उघड्यावर मांडण्यात त्यांना संकोच वाटला नाही, आणि त्या पत्रांचे त्यामुळे काही वाईट झाले नाही. आपल्याकडे मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख, अरुण फडके यांनी शुद्धलेखनाचे काम जन्मभर केले; त्यांच्या पुस्तकांशिवाय हे पुस्तक लिहिताच आले नसते. त्यांनी शब्द सांभाळला. वृत्तपत्रातल्या वाक्यासाठी तसे सोपे, हाताशी ठेवता येईल असे काही नव्हते, ती उणीव भरण्याचा हा प्रयत्न आहे.

पुस्तकाची रचना सांगून थांबतो. पहिल्या भागात कर्ता, कर्म, क्रियापद यांची जुळणी आणि एकवचन-अनेकवचनाचा अनुस्वार आहे. 'पोलिसांनी दोन दुचाकी जप्त केले' यासारखी वाक्ये तिथे सोडवून दाखवली आहेत. दुसरा भाग आदरार्थी रूपांचा, तिसरा 'करण्यात आले'चा. चौथ्यात पोलीस ठाणे, न्यायालय, महसूल आणि आरोग्य या चार खात्यांच्या भाषेतून बातमीची भाषा कशी काढायची ते आहे, आणि नव्या बातमीदारांनी हा भाग आधी वाचला तरी चालेल. नमुन्याला घेतलेली वाक्ये जिल्हा पानांवर आढळणाऱ्या साच्यातली आहेत. कोणत्याही वृत्तपत्राचे नाव दिलेले नाही, कारण एकही पत्र यातून सुटलेले नाही. माणसांची आणि गावांची नावे बदलली आहेत.

शेवटच्या भागात पूर्ण बातम्या दोनदा दिल्या आहेत, एकदा छापल्या जातात तशा आणि एकदा नव्याने लिहून. नव्याने लिहिताना बातमीत नसलेली माहिती मी एका शब्दानेही वाढवलेली नाही. त्यामुळे अनेक वाक्यांत कर्त्याच्या जागी कोरी रेघ दिसेल. निधी कोणी अडवला, पंचनामा कोणी केला नाही, कामगाराला सुरक्षेचा पट्टा कोणी दिला नाही, हे मूळ बातमीतच नव्हते, म्हणून तिथे रेघ आहे. वर्गात हे पुस्तक शिकवणाऱ्यांनी त्या रेघा विद्यार्थ्यांकडून कल्पनेने भरून घेऊ नयेत. आपल्या गावातली तशीच एखादी बातमी घ्यावी, संबंधित कार्यालयात जाऊन विचारावे, आणि मिळालेले नाव पदासह तिथे लिहावे.

नागापूर, अहिल्यानगर